तांबट आणि मॉनिटर : दहा मिनिटांच्या खोलीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

देणगीतून आलेले दोन व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी दृश्य दाखवणारी यंत्रं, आज स्टोअरमधून सही करून ताब्यात घेतले. दोन्ही क्वेस्ट २, आधी वापरलेले, पण सुस्थितीत. प्रत्येकी ५०३ ग्रॅम. एकदा पूर्ण चार्ज केले की दोन-अडीच तास चालतात.

फाइलवर प्रकल्पाचं नाव 'कर्मचारी ताणमुक्ती' असं टाइप होऊन आलं होतं. मेट्रन मॅडमना विचारून 'मुक्ती' खोडलं आणि 'ताण हलका करणे' लिहिलं. ड्युटीच्या मधे दहा मिनिटं एका खोलीत हेडसेट लावून बसायचं, एवढाच प्रकल्प. जेवढं जमेल तेवढंच कागदावर असावं.

मी बायोमेडिकल विभागाचा. आयसीयूतली व्हेंटिलेटर, मॉनिटर, शिरेतून औषध देणारे पंप ही सगळी यंत्रं माझ्याकडे आहेत, माणसांच्या मनाचं काम कधी केलेलं नाही. तरी हा प्रकल्प मी मागून घेतला, त्याचं कारण लिहून ठेवतो. डिसेंबरमध्ये रात्री अकराला पंप दुरुस्तीला आलो होतो. आयसीयूच्या एक सिस्टर जिन्यात पायरीवर बसल्या होत्या, डबल ड्युटी होती. बरं वाटत नाही का, असं विचारलं तर म्हणाल्या, "बरी आहे सर. फक्त इथे तो आवाज येत नाही म्हणून बसले. घरी गेले तरी कानात पंप वाजतो." तो पंप मीच बसवला होता. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

आठवडाभर वाचन केलं. कामाचं तेवढं उतरवतो.

रुग्णालयात व्हीआरचा पहिला मोठा उपयोग झाला तो भाजलेल्या रुग्णांसाठी. १९९६ मध्ये सिअॅटलला हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी ड्रेसिंग बदलताना रुग्णाला आभासी दृश्यात गुंतवून ठेवायला सुरुवात केली; पुढे त्यासाठी बर्फाची आभासी दरी तयार झाली. लक्ष एकच असतं. ते बर्फात गेलं की दुखण्याच्या वाट्याला कमी येतं.

कर्मचाऱ्यांकडे लक्ष गेलं ते कोविडमध्ये. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात खोल्यांच्या भिंतींवर निसर्गदृश्यं, मंद प्रकाश आणि संगीत ठेवून कर्मचाऱ्यांना पंधरा मिनिटं बसवलं. तिथे हेडसेट नव्हता. ४९६ जणांच्या नोंदींत सांगितलेला ताण सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. २०२२ मध्ये ओहायोतून १०२ आघाडीच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास आला. त्यात होतं फक्त तीन मिनिटांचं हिरवंगार ३६० अंशांचं दृश्य, आणि ताण कमी झाल्याचं लोकांनी सांगितलं. दोन्ही ठिकाणी मोजमाप लगेच आधी आणि लगेच नंतर. घरी गेल्यावर काय, पुढच्या नाईटला काय, हे त्यातून कळत नाही.

सगळ्यात जास्त पटला तो १९८४ चा रॉजर उल्रिच यांचा जुना अभ्यास. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. आमच्या आयसीयूला तर खिडकीच नाही.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलेलं नाही. नीट न हाताळल्या गेलेल्या, सततच्या कामाच्या ठिकाणच्या ताणातून येणारी ती अवस्था आहे, असं म्हटलं आहे. 'कामाच्या ठिकाणच्या' या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

हेडसेटमधलं आधीचं सगळं तपासलं. रोलर कोस्टर, उंच इमारतीवरची फळी आणि भुतांचा खेळ काढून टाकले. राहिले दोन समुद्रकिनारे आणि एक पाइनचं जंगल.

जंगलात कॅमेरा चालत पुढे जातो. चौथ्या मिनिटाला मला मळमळलं. डोळे सांगतात चाललोय, कानाच्या आतला तोल सांगतो बसलोय. हे भांडण पोटात उतरतं. म्हणजे नियम पहिला, कॅमेरा जागचा हलणार नाही. पाणी हलो, पानं हलोत, पाहणारा स्थिर.

कोणाला द्यायचं नाही, ती यादी डॉक्टरांकडून तपासून घेतली : फिट्सचा इतिहास, चक्कर, चालू असलेली अर्धशिशी, डोळे आलेले. एक ओळ मी वाढवली. नाईट उतरल्यावर सत्र घेतलं तर पंधरा मिनिटं बसून मगच गाडीला किल्ली लावायची. आमच्या निम्म्या सिस्टर स्कूटरवरून दहा-पंधरा किलोमीटर जातात.

२३ जानेवारी, गुरुवार

सिस्टरांबरोबर पहिली बैठक. पंधरा मिनिटं मी माहिती सांगितली. सगळ्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यांवर काही दिसत नव्हतं. शेवटी लेबर रूमच्या इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "सर, रात्री दोन वाजता डोळे आणि कान दोन्ही झाकून एकटीनं बसायचं म्हणताय. त्या खोलीला आतून कडी आहे का?"

नव्हती. मी खोलीचं क्षेत्रफळ मोजलं होतं, प्लग पॉइंट मोजले होते, वायफाय पाहिलं होतं. कडी पाहिली नव्हती.

९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्यात ज्या डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला, ती रात्रपाळीत विश्रांतीसाठीच सेमिनार हॉलमध्ये गेली होती. त्यानंतर आमच्या जिल्ह्यातही काळ्या फिती लागल्या, मोर्चे निघाले, मीही गेलो होतो. पण खोली ठरवताना ते माझ्या मनात आलं नाही, बैठकीतल्या प्रत्येक बाईच्या मनात पहिल्यांदा तेच आलं. हा फरक या प्रकल्पात मला पुन्हा पुन्हा आठवावा लागेल.

२९ जानेवारी, बुधवार

कडी बसली. आतून बंद होते, बाहेरून फक्त इन्चार्जकडच्या किल्लीने उघडते. दाराबाहेर दिवा, खोलीत इंटरकॉम. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, तशी सूचना सिस्टरांची. हेडसेटच्या बाजूला दोन टिचक्या मारल्या की बाहेरची खोली दिसू लागते, ती सोय चालू केली आणि प्रत्येकीला आधी तीच शिकवायची असं ठरलं. हेडसेटचे स्पीकर उघडे आहेत, कानांवर बसत नाहीत, त्यामुळे हाक ऐकू येते. वेगळे हेडफोन लावायचे नाहीत.

मेट्रन मॅडमनी त्यांच्या बाजूने आणखी मोठं काम केलं. दहा मिनिटांचा रिलीव्हर, म्हणजे तेवढा वेळ जागा सांभाळणारं, कोण, हे ड्युटी चार्टवर लिहिलं. तोंडी नाही, लिहून.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारपासून सुरू झालं. तीन दिवसांत अकरा जणी आणि दोन ब्रदर.

हेडसेटचा मागचा पट्टा नेमका अंबाड्यावर येतो. पिना टोचतात, पट्टा वर सरकतो आणि सगळं धूसर दिसतं. उपाय साधा निघाला. पट्टा सैल करून अंबाड्याच्या खाली, मानेच्या खळग्याजवळ घ्यायचा आणि वरचा पट्टा आवळायचा. भिंगांतलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर या तीनच जागी बसतं. बहुतेकींना पहिल्या दोनपैकी एक चालतं.

चेहऱ्याला लागणारा स्पंज घाम पितो. सिलिकॉनचं आवरण चढवलं. प्रत्येकीनंतर ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने आवरण पुसायचं, मात्र भिंगांना अल्कोहोल लावायचं नाही, त्यावरचा थर जातो. ती कोरड्या मऊ कापडाने. आणि हेडसेट खिडकीच्या उन्हात ठेवायचा नाही. भिंग सूर्यकिरण एकवटतं आणि आतला पडदा जळतो. हे मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावलं.

आज पुसताना आवरणाच्या आत एक टिकली चिकटलेली होती. लहान, मरून. काढून कागदावर चिकटवून ठेवली.

दृश्याबद्दल सगळ्या म्हणतात, छान आहे. खोदून विचारल्यावर एकजण म्हणाली, "छान आहे, पण आपलं नाही. तिथे मी कोण लागते?" दुसरीला शेतातल्या वाफ्यात पाणी शिरताना बघायचं होतं. तिसरीला घाट, नदी. आपलं चित्रण आपणच करायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

पहाटे साडेपाचला मेणवलीत. वाईपासून जवळ, कृष्णेचा अर्धचंद्राकृती घाट, मागे नाना फडणवीसांचा वाडा. मित्राचा ३६० अंशांचा कॅमेरा आणला होता. थंडीने बोटं वळत नव्हती.

तिपाई सुमारे चार फुटांवर ठेवली, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. उंच ठेवली तर तरंगल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा नदीपल्याडची झाडी आणि डोंगर दिसतील अशी जागा धरली आणि तिथेच हेडसेट लावून पाहिलं तर डोंगर म्हणजे नुसता पुसट पट्टा. हिशेब केला. कॅमेऱ्याचे आडवे ५७६० ठिपके ३६० अंशांत पसरले की अंशाला १६ येतात. धडधाकट नजरेला सुमारे ६० लागतात. म्हणजे लांबचं सौंदर्य इथे चालत नाही, जवळचं लागतं. कॅमेरा खाली, पाण्यापासून तिसऱ्या पायरीवर आणला. ओली पायरी, दगडावरचं शेवाळ, पाण्यात हलणारी उजेडाची जाळी. हे सगळं स्पष्ट येतं.

कॅमेऱ्याला पाठ नसते, म्हणून रेकॉर्डिंग लावून मी भिंतीआड लपलो. बारा मिनिटांचे चार तुकडे घेतले. सातच्या सुमारास ऊन पायऱ्यांवर उतरलं. एक आजी कपडे घेऊन आल्या, कॅमेरा पाहून थबकल्या. काय आहे ते सांगितलं. "दवाखान्यातल्या पोरींसाठी का? मग मी पलीकडं धुते," म्हणाल्या आणि खरंच पलीकडे गेल्या. त्यांच्या धुण्याचा मंद आवाज चौथ्या तुकड्यात आहे. तो ठेवणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घाटावरच्या छोट्या देवळात वसईच्या मोहिमेतली म्हणून ओळखली जाणारी पोर्तुगीज घंटा आहे. कोणीतरी ती दोनदा वाजवली होती. मला वाटलं, सुरुवातीलाच ठेवू, मन लागेल. चाचणीला बसलेल्या ब्रदरनी घंटेच्या पहिल्या टोल्याला खुर्चीचे हात घट्ट धरले. "काय वाजलं?" घंटा काढली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजची नोंद लांबणार आहे.

जिन्यात बसलेल्या त्या सिस्टर आज पहिल्यांदा आल्या. मेणवली लावलं. पहिलं मिनिट शांत गेलं, खांदे खाली आले. मग एकाएकी त्यांनी हेडसेट काढला आणि दाराकडे वळल्या. "कोणता बेड?"

कुठलाच नव्हता. "मॉनिटर वाजतोय," त्या म्हणाल्या. मी स्वतः लावून ऐकलं. पाणी, धुणं, वारा. आणि मागे घाटावरच्या झाडात तांबट. टुक, टुक, टुक, टुक. एकसारखं, न थांबता, एकाच पट्टीत. चित्रण करताना मी तो ऐकला होता आणि खूश झालो होतो, की उन्हाळा येतोय. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळावर लाल ठिपका, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज म्हणून तांबट. आयसीयूत बारा तास काढणाऱ्या कानाला तो नाडीचा ठोका आहे.

आणि तो कान चुकत नाही. पल्स ऑक्सिमीटरचा ठोका ऑक्सिजन उतरला की खालच्या पट्टीत जातो, मुद्दाम तसा बनवलेला असतो. सिस्टरांचं लक्ष दुसऱ्या बेडवर असलं तरी पट्टी बदललेली कळते. ही त्यांची कमावलेली विद्या आहे. रुग्ण त्यामुळे वाचतात. तीच विद्या नदीकाठी बसून बंद करता येत नाही.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पक्ष्याची काय चूक सर. चांगला पक्षी आहे. फक्त मला आता तो तसा ऐकू येत नाही."

संध्याकाळी ध्वनीचा पूर्ण पट्टा बदलला. एकसारखं, ठरावीक अंतराने परत येणारं काहीही नको, पाण्याचा आवाज ठेवला कारण तो स्वतःला पुन्हा म्हणत नाही. आधी वाटलं, आवाजाचा प्रश्न सुटला. घरी जाताना उमगलं, प्रश्न व्हिडिओत नव्हता.

२ मार्च, रविवार

सफाईच्या मावशींनी विचारलं, "ते डोळ्याला लावायचं आमच्यासाठी नाही का?" कार्यालयातून आलेल्या यादीत फक्त डॉक्टर आणि नर्सिंग होतं. यादीत मावशी आणि मामा वाढवले, मेट्रन मॅडमनी लगेच सही दिली. मृतदेह बांधायचं काम मामा करतात, रक्त पुसायचं काम मावशी. त्यांचा ताण कोणत्या यादीत जाणार होता?

मावशींनी हेडसेट लावला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, "ही तर मेणवली!" त्यांचं माहेर पसरणीचं. मान वळवून वळवून वाडा शोधला. उतरल्यावर म्हणाल्या, "सगळं आहे. पाण्याचा वास तेवढा नाही."

११ मार्च, मंगळवार

काल रात्री कॅज्युअल्टीत एक तरुण गेला. नातेवाईक अंगावर धावले. २०१० च्या वैद्यकीय सेवा संरक्षण कायद्याचा फलक भिंतीवर आहे, त्याखालीच धक्काबुक्की झाली. ज्या सिस्टर पुढे होत्या त्यांना नंतर कोणीतरी चांगल्या भावनेने या खोलीत आणून बसवलं आणि मेणवली लावून दिली. दहा मिनिटांनी हेडसेट काढला तेव्हा आवरण आतून ओलं होतं. त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

हे चूक झालं, आणि ते माझ्या सूचनापत्रकातली उणीव आहे. मार खाल्लेल्या, हादरलेल्या माणसाला डोळे झाकून एकटं बसवायचं नसतं. त्याच्याजवळ कोणीतरी बसायचं असतं. आज पत्रक बदललं : मृत्यू किंवा हल्ल्यानंतर हेडसेट नाही. इन्चार्ज स्वतः सोबत बसतील, चहा, घरी पोचवायची सोय, दुसऱ्या दिवशी समुपदेशकांची भेट. दारावर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक लावला. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी मोफत मानसिक आरोग्य सेवा रात्रीही चालते.

२१ मार्च, शुक्रवार

आकड्यांबद्दल. मास्लाक यांची १९८१ ची २२ प्रश्नांची बर्नआउट मोजणी वापरावी असं सुचवलं गेलं होतं. मी ती घेतली नाही. महिनोन्महिने साचलेली थकावट आणि माणसांबद्दल आलेला कोरडेपणा ती मोजते. दहा मिनिटांच्या खोलीने ते हलेल असा दावा मी करणार नाही. एकच प्रश्न ठेवला : आत्ता ताण किती, शून्य ते दहा. सत्राआधी, सत्रानंतर आणि दोन तासांनी.

सत्रानंतर जवळजवळ सगळ्यांचा आकडा खाली येतो. दोन तासांनी बहुतेकांचा परत चढतो, काहींचा जिथे होता तिथेच जातो.

दोन आठवडे निम्म्या जणींना हेडसेटशिवाय त्याच खोलीत, कडी लावून, रिलीव्हर देऊन दहा मिनिटं बसवलं. आकडा त्यांचाही खाली आला. हेडसेटवाल्यांचा जरा जास्त. नुसत्या बसलेल्यांतल्या बऱ्याच जणी मोबाइल काढून मुलांचा अभ्यास, सिलिंडर, पुढची ड्युटी बघत होत्या. हेडसेटमध्ये मोबाइल दिसत नाही, एवढा त्याचा फायदा नक्की. आणखी एक फायदा इन्चार्ज सिस्टरांनी सांगितला. डोळे मिटून बसलेल्या सिस्टरला लोक 'झोपली' म्हणतात, हेडसेट लावलेलीला म्हणत नाहीत.

या खोलीचं काम चालू ठेवण्याइतका उपयोग आहे. पण दोन तासांनी आकडा परत का चढतो, याचं उत्तर शोधायला मला वॉर्डात जावं लागेल, आणि तिथली यंत्रं माझी आहेत.

२८ मार्च, शुक्रवार

रात्री एक ते तीन आयसीयूत बसून प्रत्येक अलार्म वहीत लिहिला. कोणत्या बेडचा, कशाचा, कोणी उठून काय केलं. गेटबाहेर शांतता क्षेत्राची पाटी आहे. नियमाने तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. आत ध्वनिमापक दिवसाच्या मर्यादेखालीही उतरत नव्हता.

बहुतेक अलार्म नुसते बंद केले गेले, आणि ते बरोबरही होतं, करण्यासारखं काही नव्हतंच. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ च्या इशाऱ्यात हेच म्हटलं होतं : ८५ ते ९९ टक्के अलार्मना काही करावं लागत नाही. त्यामुळे कान बधिर होतात आणि खरा अलार्म निसटतो. जानेवारी २००९ ते जून २०१२ दरम्यान त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटना आल्या होत्या, त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावले. मी हे वर्षांपूर्वी प्रशिक्षणात वाचलेलं आहे. तरीही आमचे मॉनिटर आजवर कारखान्यातून आलेल्या मर्यादांवर चालू आहेत. बसवले मी, मर्यादा बदलायला हव्यात हे सांगायचं काम माझं होतं.

एकच उदाहरण. बेड ४ वर जुन्या दम्याचे, सीओपीडीचे आजोबा. अशा रुग्णाचा ऑक्सिजन मुद्दाम ८८ ते ९२ टक्क्यांत ठेवतात. मॉनिटर ९० च्या खाली गेला की ओरडतो. म्हणजे उपचार नीट चालले आहेत म्हणून अलार्म वाजतो, रात्रभर.

१६ एप्रिल, बुधवार

तीन आठवडे या कामात गेले, खोलीच्या नोंदी राहिल्या. आयसीयूच्या डॉक्टरांनी प्रत्येक बेडच्या मर्यादा रुग्णागणिक ठरवून केस पेपरवर लिहायला सुरुवात केली. सही त्यांची, मॉनिटरवर बदल ड्युटीवरच्या सिस्टरचा. ऑक्सिजनच्या अलार्मला पंधरा सेकंदांचा विलंब दिला, पण अगदी खोल घसरणीचा अलार्म तत्काळच ठेवला. छातीवरचे ईसीजी इलेक्ट्रोड रोज सकाळी बदलायचे. वाळलेल्या जेलमुळे खोटे अलार्म येतात. पंपाची सिरिंज संपत आल्याची सूचना वाजायच्या आधीच पुढची भरून ठेवायची. मॉनिटर कोणाचाही बंद केलेला नाही, आवाज कोणाचाही शून्यावर नेलेला नाही.

६ मे, मंगळवार

१२ मे, परिचारिका दिन. त्या दिवशी खोलीचं उद्घाटन आणि हेडसेट लावलेल्या सिस्टरांचे फोटो असा बेत कळला. मेट्रन मॅडमना सांगितलं, हेडसेट लावलेल्या कुणाचाही फोटो नको, तिला समोर कोण उभं आहे हे दिसत नसतं. त्यांनी मान्य केलं. फोटो खोलीचा आणि चार्टवरच्या रिलीव्हरच्या रकान्याचा निघेल.

८ मे, गुरुवार

रात्री दीडला बेड ९ च्या पंपासाठी बोलावलं होतं. बॅटरी बदलली. त्याच सिस्टर ड्युटीवर होत्या. बेड ४ च्या मॉनिटरवर ८९ दिसत होतं आणि मॉनिटर गप्प होता. आजोबा घोरत होते.

खोलीत यायचं का, रिलीव्हर मोकळी आहे, असं विचारलं. त्या म्हणाल्या, तीनला येते, आधी बेड ७ चं सक्शन. मग म्हणाल्या, "सर, तो पक्षीवाला तुकडा अजून आहे का तुमच्याकडे? एकदा लावून बघू. आवाज बारीक ठेवा."

जुनी फाइल शोधून हेडसेटवर चढवली. टुक सुरू होतो १ मिनिट १० सेकंदांनी, ते चिठ्ठीवर लिहून खुर्चीवर ठेवलं. चार्जिंग ८२ टक्के. भिंगं पुसली.